उताऱ्यावर दुसरं नाव

"एकटी आले असते तर 'मालकाला पाठवा' म्हणाले असते. आज सगळा गट आला, तर बसायला खुर्ची दिली."

ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून एक मावशी आज हे बोलल्या. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

काम एवढंच होतं, घराच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीच्या कागदावर, नवऱ्याच्या जोडीला बायकोचं नाव लावायचं. 'घर दोघांचे' हे सरकारी परिपत्रक २००३ सालचं आहे! उतारा हातात आल्यावर मावशींनी आधी पदराला बोटं पुसली, मग आपल्या नावाखालून बोट फिरवत ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "सारवलं मी, घरपट्टी भरली मी. कागदाला आत्ता कळलं."

बचत गट म्हटलं की आपल्याला पापड-लोणचीच आठवतात. मला तर वाटतं, महिन्याच्या महिन्याला एकत्र बसायची सवय हीच त्यातली खरी कमाई. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. पण बायका जमल्या तरच तिथे पाण्याचा, रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय निघतो.

तुमच्या गावच्या घराच्या उताऱ्यावर आईचं नाव आहे का? कधी बघितलंय?