आमची वाटचाल: काढून टाकलेले दोन नॉब परत कसे आले

सुरुवात अँप्लिफायर रिपेअरिंगपासून झाली, मग दोघांनी मिळून स्वतःचा अँप बनवायला घेतला. पहिल्या मॉडेलवर आम्ही बास-ट्रेबलचे, म्हणजे खर्ज आणि वरचे बारीक सूर कमी-जास्त करायचे, दोन नॉब दिलेच नव्हते. सिग्नलच्या वाटेत जितके पार्ट कमी तितका आवाज स्वच्छ, असं आम्ही मनापासून मानायचो, आणि त्यात तथ्य आहेच, कारण स्वस्तातल्या डबल पॉटमध्ये (नॉबखालचा, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र कमी-जास्त करणारा पार्ट) डावी-उजवी बाजू नीट जुळत नाही, नॉब मधोमध ठेवला तरी एका बाजूला थोडं जास्तच येतं, आणि काही वर्षांनी कार्बन झिजला की खरखर सुरू.

मग एका काकांनी अँप परत आणला. म्हणाले, आवाज पातळ येतो. वर्कशॉपमध्ये लावून बघितला तर एकदम व्यवस्थित, म्हणून त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याच खुर्चीत बसलो. घरचे झोपल्यावर ते जेवढ्या हळू आवाजात ऐकतात तेवढाच ठेवला, आणि खरंच तबल्याचा डग्गा जवळजवळ गायब! व्हॉल्यूम वाढवला की डग्गा लगेच हजर. अँपमध्ये काहीच दोष नव्हता, आपला कानच तसा आहे, हळू आवाजात त्याला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून ठेवलंय. आम्हाला ते वाचून माहीत होतं, पण डिझाईन करताना रात्री हळू ऐकणारा माणूस डोळ्यासमोर आलाच नव्हता.

दुसऱ्या मॉडेलला नॉब परत घेतले. टोनचं सर्किट ब्रिटिश इंजिनिअर पीटर बॅक्सँडल यांचं, 1952 चं, आजही त्याला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पॉटऐवजी आम्ही रोटरी स्विच आणि मोजून जुळवलेले रेझिस्टर लावले, दोन डीबीचा (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) एकेक टप्पा, वर तीन आणि खाली तीन, म्हणजे जास्तीत जास्त सहा डीबी. लोक विचारतात दहा का नाही दिले, तर दहा डीबी बास वाढवला की तिथे अँपला दहापट पॉवर द्यावी लागते, सहाला चौपट पुरते, आणि छोट्या स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) उगाच मार खातो. शिवाय बायपास बटण दिलं, ज्याला नको त्याने ते दाबावं, टोनचं सगळं सर्किट बाजूला होतं.

सगळं यातून सुटत नाही हेही आम्ही घेणाऱ्याला आधीच सांगतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवून खर्ज फुगला असेल तर एक-दोन टप्पे खाली करून छान बसतो, पण खोलीमुळे एकच सूर घुमत असेल तर बासच्या नॉबने तो जात नाही, सगळाच खर्ज खाली जातो. तिथे स्पीकर नाहीतर खुर्ची हलवून बघायची. जुन्या रेकॉर्डिंगची सळसळ किंवा कानाला टोचणारं मिक्सिंग यावर मात्र ट्रेबलचा एक टप्पा खाली, बस्स, तेवढ्यात माणूस निवांत तासभर ऐकत बसतो.

आता प्रत्येक पीस बाहेर जाण्याआधी दोन्ही नॉब मध्यावर ठेवून 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ रिस्पॉन्स सरळ येतो का, म्हणजे खर्जापासून सगळ्यात बारीक सुरापर्यंत सगळं सारखंच येतं का, ते मी स्वतः तपासतो. सर्व्हिसला आलेल्या अँपचे नॉब मात्र क्वचितच मध्यावर असतात. ते कुठे होते हे आम्ही आधी कागदावर लिहून घेतो, आणि काम झालं की तिथेच आणून ठेवतो. काकांचा बास दोन टप्पे वर असतो.