आडवी फिल्म, हिरवी रात्र

परभणीत फोटो स्टुडिओ चालवण्यात माझी २७ वर्षे गेल्यामुळे असेल, पण दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५५ सालचा ‘टू कॅच अ थीफ’ हा चित्रपट पाहताना चोर कोण, या प्रश्नात माझे मन फारसे रमले नाही. चोरी सोडून फ्रेंच रिव्हिएरावर, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, द्राक्षमळा राखत बसलेल्या एका दागिनेचोराच्या जुन्या पद्धतीने कोणीतरी नव्या चोऱ्या करू लागते आणि संशय आपल्यावर आल्याने त्यालाच चोराच्या मागावर निघावे लागते, एवढीच डेव्हिड डॉज यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा आहे.

मला धरून ठेवले ते निगेटिव्हने. हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने १९५४ मध्ये पडद्यावर आणलेल्या व्हिस्टाव्हिजन पद्धतीत हा चित्रपट चित्रित झाला. नेहमीच्या सिनेकॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म उभी सरकते आणि एका चौकटीला कडेची चार छिद्रे पुरतात. व्हिस्टाव्हिजनमध्ये तीच फिल्म आडवी, म्हणजे आम्ही लग्नात वापरायचो त्या कॅमेऱ्यासारखी सरकते आणि चौकटीला आठ छिद्रांची लांबी मिळते. निगेटिव्ह दुपटीहून मोठे झाले की पडद्यावर दाणा, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा, दिसेनासा होतो. दाणा म्हणजे काय, हे मे महिन्यात डेव्हलपरच्या टाकीभोवती बर्फ रचून काम केलेल्यांना सांगावे लागत नाही. वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोची मोठी प्रत काढायला जावे, तर मागच्या रांगेतल्या मामांच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दिसे. कॅमेरामन रॉबर्ट बर्क्स यांच्या चित्रांत दूरच्या डोंगरउतारावरील घरांपर्यंत तो रवा कुठेच सांडलेला नाही.

त्यांची खरी कारागिरी मात्र मला उन्हापेक्षा अंधारात दिसली. आतषबाजी नीट दिसावी म्हणून नायिका ग्रेस केली हॉटेलच्या खोलीतले दिवे मालवत जाते आणि शेवटी अशी उभी राहते, की चेहरा सावलीत बुडतो व गळ्यातला हार तेवढा उजळून राहतो. चोराची नजर कुठे असते, हे त्या एका प्रकाशयोजनेने सांगून टाकले आहे. चोर झालेला कॅरी ग्रँट तो हार नकली असल्याचे ओळखतो, ही गंमत त्यावर वरताण.

प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. काही समीक्षकांना मात्र तो हिचकॉक यांच्या मानाने पोकळ वाटला आणि खुद्द त्यांनीही फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना कथा हलकीफुलकीच ठरवली. रंगीत छायाचित्रणाचे ऑस्कर बर्क्स यांना मिळाले, तर ईडिथ हेड यांचे पोशाख, त्या अखेरच्या सोनेरी झग्यासह, नामांकनावर थांबले. हा निकाल मला अजूनही पटत नाही. पुढे १९५६ मध्ये केली मोनॅकोच्या राजपुत्राशी विवाहबद्ध झाली आणि १९८२ मध्ये त्याच परिसरातील डोंगरी रस्त्यावर झालेल्या अपघातानंतर तिचे निधन झाले, त्यामुळे तिच्या भरधाव मोटारीचा प्रसंग आज निर्धास्तपणे पाहवत नाही.

छपरांवरचा पाठलाग सुरू झाला तेव्हा शेजारी शेंगा सोलत बसलेल्या सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, यांच्या गावात रात्र अशी शेवाळल्यासारखी का दिसते?” रंगपटांतल्या ठरावीक निळ्या रात्रीचा कंटाळा आल्याने हिचकॉक यांनी हिरवा फिल्टर वापरला होता, असे मी मोठ्या उत्साहाने समजावले. “मग जमलं नाही त्यांना,” त्या म्हणाल्या. त्रुफोंना दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकही जवळपास हेच म्हणाले होते.