कोरिओलेनस हे नाव आणि धान्याची गोष्ट

हंगर गेम्सचा तो २०२३ चा पिक्चर परवा बघितला, त्यातला खलनायक राष्ट्राध्यक्ष स्नो, त्याच्या तरुणपणाचा, त्यात त्याचं नाव कोरिओलेनस आणि चुलत बहीण टायग्रिस त्याला लाडाने कोरिओ म्हणते, तर मला आधी वाटलं की रोमन आणि भारदस्त वाटतंय म्हणून उचललं असणार नाव. पण नाही, चांगलंच विचार करून ठेवलंय!

मूळ माणूस कैयस मार्शियस. दंतकथाच म्हणा, कारण तो खरंच होऊन गेला का यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कथा अशी की इ. स. पूर्व ४९३ च्या सुमारास त्याने रोमच्या शत्रूंचं, व्होल्स्की लोकांचं, कोरिओली हे गाव जिंकलं म्हणून कोरिओलेनस हा किताब मिळाला. लोकांना एवढंच माहीत असतं, शूर वगैरे. पुढची भानगड धान्याची आहे. रोममध्ये टंचाई होती, सिसिलीहून गहू आला, आणि हा सिनेटमध्ये उभा राहून म्हणतो स्वस्तात हवाय ना, मग आधी तुमचे ते ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांचे प्रतिनिधी, सोडा. म्हणजे पोट भरायचं तर हक्क सोडा. लोक खवळले, हद्दपार केलं, तर हा जाऊन मिळाला त्याच व्होल्स्कींना आणि फौज घेऊन थेट रोमवर, शेवटी आईने रडून परत फिरवला.

आता हंगर गेम्समधला टेसेरा आठवा. वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल घ्यायचं आणि बदल्यात त्या जीवघेण्या खेळात कोणाला पाठवायचं ते ठरवणाऱ्या लॉटरीत आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची. सौदा तोच की! त्यात टेसेरा म्हणजे रोममध्ये धान्याचं टोकनसुद्धा, आणि पॅनेम हे देशाचं नाव लॅटिनमधल्या ‘ब्रेड आणि सर्कस’ या वाक्प्रचारातलं, पॅनेम म्हणजे ब्रेड. म्हणून मला वाटतं स्नोला हे नाव लढवय्या म्हणून दिलेलंच नाही.

शेक्सपियरचं ‘कोरिओलेनस’ नाटकही उपाशी लोकांच्या दंग्यानेच सुरू होतं. पण त्यातला माझा आवडता सीन वेगळाच आहे, लढाई नुकतीच संपलीय, हा रक्ताने माखलेला, सगळ्यांसमोर कोरिओलेनस हे नाव दिलंय, ढोल-तुताऱ्या वाजल्यात, आणि हा म्हणतो कोरिओलीत एका गरीब माणसाने मला आसरा दिला होता, तो आपल्या कैदेत आहे, सोडा त्याला. सगळे म्हणतात वा वा, लगेच सोडतो, नाव काय त्याचं?

विसरला. दमलोय म्हणतो, आणि वाइन मागतो.