आमची वाटचाल : चक्कीपासून ताटापर्यंत

लातूरच्या बाजारात नाव तुरीचं. आमचं पोट मात्र ज्वारीच्या दळणावर चाललं. गल्लीतले डबे दळता दळता निवडलेल्या शाळूचं पीठ पाकिटात भरून विकायला लागलो. "शुगर निघालीय, गहू बंद केला, ज्वारीच द्या," असं म्हणणारं गिऱ्हाईक वाढत गेलं. 2023 साली भरडधान्य वर्षाचा गाजावाजा झाला, तेव्हा तर पाकिटं पुरेनात.

विक्री वाढली, तशी लोकांची समजूतही कळत गेली. ज्वारी आहे म्हणून माणसं तीनाच्या जागी चार भाकरी खायची. आता हिशोब बघा. शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं 68 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून 34 ग्रॅम पोटात जातात आणि त्यांची शेवटी साखरच होते. तांदळापेक्षा तंतू जास्त असल्यानं ती सावकाश चढते, एवढाच फायदा. तो छोटा नाही, पण भाकरी मोजूनच खावी लागते. उलट गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कोणी भाकरी एकदम सोडली, तर साखर खाली येऊन गरगरतं. त्यांना आम्ही आधी डॉक्टरांना विचारा म्हणतो.

दुकानात उभं राहून हे किती जणांना सांगणार? म्हणून धपाट्याचं पीठ काढलं. ज्वारी कमी, हरभऱ्याची डाळ भरपूर. डाळीत शंभर ग्रॅमला 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं, ज्वारीत दहाच. प्रथिनांनी पोट भरल्यासारखं राहतं, सोबत दही घेतलं तर आणखी बरं. आमच्याकडे धपाटे-दही काही नवीन नाही, आम्ही फक्त प्रमाण बदललं.

एका व्यापाऱ्यानं पाकिटावर 'शुगर बरी करणारं पीठ' छापा, दुप्पट माल उचलतो, अशी गळ घातली. मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्यानं बंद आहे आणि तसंही ते खोटंच. तो गेला. पाकिटामागचा पोषणतक्ता मात्र आम्ही मोठ्या अक्षरात छापतो. चष्मा विसरलेल्या आजोबांनाही वाचता यावा.

आता जवसाची आणि कारळाची चटणी सुरू केलीय. स्निग्ध पदार्थ साखर फारशी चढवत नाहीत, पण एका ग्रॅमला 9 कॅलरी, कर्बोदकांच्या दुपटीहून जास्त. तेव्हा चमचाभर बास, वाटीभर नको. शिवाय जवस लवकर खवट होतो, म्हणून उन्हाळ्यात चटणीची मोठी पाकिटं भरतच नाही.