धारेआधी पाणी

"धार काय, दगडावर कुणीही लावतं. पाणी देता आलं पाहिजे." माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. तापलेलं पातं विझवून कडक करण्याला आमच्यात पाणी देणं म्हणतात. आता आम्ही तेलात विझवतो, पण शब्द पाण्याचाच आहे.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, घरात तीन पिढ्यांचं लोहारकाम. आजोबांच्या वेळी दाजीपूरचं जंगल म्हणजे कोल्हापूरच्या राजघराण्याचं शिकारीचं रान. 1958 साली तिथं अभयारण्य झालं, पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीला लगाम बसला. त्या जुन्या दिवसांतली, आजोबांनी घडवलेली एक सुरी मात्र घरात राहिली. पातं जेमतेम चार इंच, पाठ जाड, पोट गोलसर, आणि पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरलेली. तो उतार कशासाठी, हे मला तालुक्याच्या बाजारातल्या एका वयस्कर खाटीकमामांनी सुरी हातात घेऊन दाखवलं. जनावर सोलताना टोक वर आलेलं असेल तर आतडं फाटतं आणि मांस नासतं. टोक खाली असेल तर कातड्याखालून सुरी निर्धास्त सरकते. अमेरिकेत बॉब लव्हलेस यांनी नावारूपाला आणलेली 'ड्रॉप पॉइंट' शिकारी सुरी याच विचाराची. आमच्या सुऱ्यांच्या धंद्याचा पहिला नमुना मात्र आजोबांच्या सुरीवरूनच काढला.

अण्णांनी आयुष्यभर कोयते, विळे, खुरपी केली, नांगराचे फाळ शेवटून, म्हणजे ठोकून पुन्हा धारदार करून दिले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, एवढं ते हत्यार त्या कामाशी जोडलेलं. पण बाजारात स्वस्त तयार कोयते आले आणि आमचा भाता थंडावला. मी शिरोलीच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-थंड करून कडक करण्याच्या कामाला लागलो. 2020 च्या टाळेबंदीत काम थांबलं, मी गावी आलो, परसातला रिकामा गोठा झाडला आणि अण्णांची ऐरण बाहेर काढली.

सुरुवातीला भंगारातले ट्रकचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या घेतल्या. पाट्याचं पोलाद चांगलंच असतं, पण लाखो हिसके खाल्लेल्या पाट्यात केसाएवढी चीर लपलेली असू शकते, आणि ती पाणी देताना उघडी पडते. दोन पाती तशी गेल्यावर नवीन पट्टी विकत घ्यायला लागलो. खर्च वाढला, पण आत काय आहे याची खात्री आली.

खरा धडा पुढे मिळाला. पुण्याच्या एका ट्रेकिंग ग्रुपने चौदा सुऱ्या घेतल्या. महिन्याभरात त्यातली एक वाळकं लाकूड फोडताना मधोमध तुटली. ती वापरणाऱ्या मुलाने तक्रार केली नाही, दोन्ही तुकडे कुरिअरने पाठवले. अण्णांनी तुकडा उन्हात धरला, तुटलेली कड माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "रवा बघ." कड जाडसर साखरेसारखी चमचमत होती. चांगल्या पात्याची मोड राखाडी आणि मखमलीसारखी बारीक दिसते. पोलाद हवं त्याहून जास्त तापलं की आतला रवा, म्हणजे पोलादाचे कण, फुगतो, आणि मग धार कितीही लावा, पातं ठिसूळच. अकरा वर्षं मी आकडे दाखवणाऱ्या भट्टीवर काम केलं होतं. घरी मात्र भर दुपारी, पत्र्याखालच्या उजेडात, नजरेनं रंग ठरवत होतो. उजेडात लाल रंग फिका दिसतो, म्हणून हात आणखी तापवत जातो. चूक माझीच होती. चौदाच्या चौदा सुऱ्या परत मागवल्या आणि नव्या करून दिल्या. त्या तिमाहीत घरात काही आलं नाही.

तेव्हापासून पाणी देण्याचं काम दिवेलागणीनंतरच. घडवून, कानसून झालेलं पातं आधी तीनदा तापवून हवेत सावकाश थंड करतो, म्हणजे घणाचा ताण जातो आणि रवा बारीक होतो. मग दिवा मालवतो. अण्णा स्टुलावर भट्टीच्या तोंडाशी बसतात. साधारण 770 अंशांना लोखंडाची चुंबकाला चिकटण्याची ताकद जाते. सळईला बांधलेलं चुंबक पात्याला लावायचं, ते सुटलं की रंग अजून थोडा उजळू द्यायचा. पातं कडेपासून पाठीपर्यंत एकसारखं दिसायला हवं, सावलीचा एक पट्टाही नको. अण्णा "हं" म्हणतात. त्या क्षणी पातं धारेकडून सरळ कोमट तेलात. तिरकं गेलं तर वाकतं. तेल खदखदतं, आणि दहा-बारा सेकंद माझा हात जरासुद्धा हलवायचा नसतो. बाहेर काढल्यावर धारेवर कानस ओढायची. कानस काचेवरून सरकावी तशी घसरली, तर पाणी बसलं.

असं पातं कडक असतं, पण हातातून पडलं तरी फुटेल. म्हणून लगेच ओव्हनमध्ये 200 अंशांना दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. पाठीवर वाळल्या पेंढ्याचा पिवळा रंग चढतो. या चार तासांत घाई केली तर आधीचं सगळं वाया.

मुठी माझी पत्नी करते, शिसवाच्या, पितळेच्या पिना घालून आणि जवसाच्या तेलात मुरवून. त्या कामात तिचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. म्यान कोल्हापुरी चपला करणारे एक कारागीर शिवून देतात, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचं. सुरी म्यानात घालून ठेवून देऊ नका, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. चामडं ओल धरतं आणि आमचं पोलाद स्टेनलेस नाही. पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा, मग ठेवा.

आमच्या सुऱ्या ट्रेकर, शेतकरी, खाटीक, मेंढपाळ घेतात. तलवारी, जांबिये मागणारेही फोन करतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणतो. कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आल्या की अण्णा टीव्ही बंद करतात. ज्या हत्याराने हजारो घरांच्या चुली पेटल्या, त्याचं नाव असं घेतलं जावं याचा त्यांना फार त्रास होतो, आणि मलाही होतो.

म्हणूनच यंदा गळीत हंगामाआधी आम्ही पुन्हा कोयते केले, चाळीस. पट्टी तीच, पाणी तसंच, फक्त ओव्हनमध्ये पिवळ्याऐवजी जांभळा रंग चढेपर्यंत उतरवलेलं, म्हणजे कडकपणा जरा कमी केलेलं, कारण कोयत्याला फडातला दगड सोसावा लागतो. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या दोन टोळ्यांना निम्मे दिले आहेत. फड संपवून गावी परतताना ते दाखवून जाणार आहेत. अण्णांनी प्रत्येकाच्या नेढ्यावर छिन्नीने आकडा कोरलाय, कुठला कुणाकडे गेला हे वहीत लिहून ठेवलंय.