शेवरले १९५१ : सहाचे बारा व्होल्ट, हॉर्न मात्र मूळचाच

रविवारी हॉर्न वाजले. दोन्ही वाजले, आणि मूळच्या आवाजात वाजले. गेला महिनाभर याच एका कामावर अडकलो होतो, म्हणून ते आधी सांगतो.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. शेवरलेने १९५५च्या मॉडेलपासून बारा व्होल्ट दिले आणि शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४मध्ये बंद झाला. त्यामुळे तिथे जोडणी झालेल्या शेवरले सगळ्या सहा व्होल्टच्याच, त्यातलीच ही माझी एक. सहा व्होल्ट वाईट मुळीच नाहीत. केबल जाड आणि अर्थ (बॅटरीची बॉडीला असलेली जोडणी) स्वच्छ असेल तर गाडी झकास सुरू होते. पण मला ती रात्रीही चालवायची आहे, आणि सहाची दमदार बॅटरी व सील्ड बीम (हेडलाइटचे बंद दिवे) शोधण्यात दोन पावसाळे गेले. म्हणून गाडी बारा व्होल्टवर नेली.

बऱ्याच गोष्टींना हात लावावाच लागला नाही. तेवढ्याच वॅटला बारावर करंट निम्मा लागतो, म्हणून जुनं वायरिंग उलट आरामात आहे. ॲमीटर, म्हणजे करंट दाखवणारा मीटर, तसाच. ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचे मीटर विजेवर चालत नाहीत, वायपर व्हॅक्यूमवर. स्टार्टरही मूळचाच ठेवला. तो बारावर फार जोरात फिरतो, त्यामुळे इंजिनाने पकडलं की बटण लगेच सोडायचं. बल्ब, इंडिकेटरचा फ्लॅशर आणि इग्निशन कॉइल बदलले.

हॉर्नला आधी सगळे करतात तसा सिरीजमध्ये रेझिस्टर लावला होता, म्हणजे जास्तीचे व्होल्ट तो अडवेल. तो मला पटला नाही. हॉर्न जेवढी वीज खातो तेवढीच रेझिस्टर नुसती तापवून घालवतो. सलग थोडा वेळ वाजवला तर जवळच्या रंगाचा वास यायला लागला. शिवाय आवाज चिरका झाला.

मग हॉर्न खोलून कॉइल आमच्या वाइंडिंगवाल्या काकांकडे नेली. जुनी तार अठरा गेजची, ९६ वेढे. काकांनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "वेढे दुप्पट घालू. तार निम्म्या जाडीची नाही घ्यायची हं, निम्म्या छेदाची घ्यायची. एकवीसची लागेल." (गेजचा आकडा वाढला की तार बारीक.) हिशोब अगदी बरोबर! करंट निम्मा, वेढे दुप्पट, म्हणजे चुंबकाची ओढ तेवढीच. बारीक तारेत इनॅमल जास्त जागा खातं, म्हणून १९२ वेढे बॉबिनवर कसेबसे बसले. खाली इन्सुलेशनचा नवा लेदरॉइड कागद, वरून वॉर्निश, मग भट्टीत सुकवणं. पूर्वी सहावर एक हॉर्न १४ अँपिअर घ्यायचा. आता ॲमीटर लावून हॉर्नचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ७ वर आणला आणि आवाज जागेवर आला. हॉर्न रिलेची (हॉर्नला करंट सोडणाऱ्या स्विचची) कॉइलही त्याच हिशोबाने भरून, म्हणजे नव्याने वेढून घेतली.

माझं मत आता पक्कं आहे : ज्यात कॉइल आहे ते आधी भरून बघा, रेझिस्टर नंतर. आपल्याकडे हे काम करणारे हात अजून आहेत. बाहेरून सगळं १९५१चंच दिसतं.

फ्युएल गेज एवढा अपवाद. त्यातल्या कॉइली केसासारख्या नाजूक, उघडायचं धाडस केलं नाही. हा गेज दोन कॉइलींच्या तोलावर चालतो, त्यामुळे बारावरही काटा जवळपास खरं बोलतो. पण कॉइली चौपट तापतात. म्हणून बाराचे सहा व्होल्ट करणारा ७८०६ हा रेग्युलेटर आयसी डॅशच्या मागे बसवला. आपला अर्थ निगेटिव्ह आणि आयसीची पाठही अर्थलाच जोडलेली, तेव्हा तो थेट बॉडीच्या पत्र्याला आवळता येतो. पत्राच हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा.

बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या जागी सध्या मारुती ८००चा अल्टरनेटर आहे. पट्टा रुंद, म्हणून पुली लेथवर करून घेतली. मूळ डायनॅमो तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवलाय. त्याची फील्ड (स्थिर कॉइल) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) दोन्ही भरावी लागतील. नुसती फील्ड भरली तर चार्जिंग फार उशिरा, वरच्या आरपीएमला सुरू होईल. आर्मेचरचे खाचे मोजून पुढच्या आठवड्यात काकांकडे जातोय.