तुम्ही विचारलंत म्हणून: वहिनी मागे का बसत नाहीत?

लग्नात, बारशाला, डिचोलीच्या बाजारात, पेट्रोल पंपावर, जिथे जाईन तिथे हाच प्रश्न. होंडाची गोल्डविंग मोटरसायकल घेतलीस, मागची सीट सोफ्यासारखी, मग वहिनी का दिसत नाहीत? इतके दिवस "तिला ऊन सोसत नाही" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो, परत विचारू नका.

पंचवीस वर्षं बुलेट चालवली. ही मागे बसून चोर्ला, अनमोड, आंबोली सगळे घाट फिरलीय, त्यामुळे नवीन गाडी शिकावी लागते हे मला कोणी सांगितलं असतं तर रागच आला असता. 1833 सीसी, सहा सिलिंडर, वजन 390 किलो, म्हणजे बुलेटच्या दुप्पट. पण पत्रादेवीच्या बाजूला हायवेला सोडली की ते वजन जाणवतच नाही हो. जाणवतं ते ताशी पाचच्या स्पीडला, वळवताना, थांबताना. आणि तेच मी शिकलो नव्हतो.

पणजीला जायचं होतं, मयेवरून चोडणला आलो, नदीपार नेणारी फेरीबोट लागलेली. ओहोटी होती म्हणून रॅम्पचा उतार जास्त, वर शेवाळ. पुढची स्कूटर मध्येच थांबली, माझं हँडल उजवीकडे वळलेलं, आणि मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक मारला की जड गाडी त्याच बाजूला कोसळते, मग पाय कितीही रोवा, दोन माणसांसकट नाही पेलत. इंजिन गार्डमुळे पाय वाचले. ही हातावर पडली.

मी उठलो आणि आधी गाडी बघितली. स्विच बंद केला, बॉक्स बघितला, आरसा बघितला, बोटाने ओरखडा पुसून बघितला. एक पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटरसायकल टॅक्सीवाला, आपली पिवळ्या मडगार्डची गाडी स्टँडला लावून धावत आला आणि मला म्हणाला, "गाडी मागीर, आदीं बायेक पळय!" गाडी नंतर, आधी बायकोकडे बघ. तेव्हा मी मागे वळलो. ही मनगट धरून ओल्या रॅम्पवर बसलेली, एका मासळीवालीने पाटी बाजूला ठेवून तिला खांद्याला धरलेलं. फ्रॅक्चर. दीड महिना प्लास्टर.

तिला मी किती दिवस सांगत होतो की इंजिन चालू होतं, बंद करणं गरजेचं होतं, पेट्रोल सांडलं असतं तर? ते काही अगदीच खोटं नाही. पण ही गाडी आडवी झाली की इंजिन आपोआप बंद होतं, हे मला गाडी घेतली त्या दिवसापासून माहीत होतं. आणि ओरखडा पुसायला कोणी सांगितलं होतं? शेवाळ होतं हे खरं, ब्रेक माझा होता हेही खरं.

त्यानंतर शिकलो. रोज सकाळी मैदानात पाण्याच्या बाटल्या ठेवून आठ काढतो. ह्या ऑटोमॅटिकला हाताचा क्लच नाही, म्हणून थ्रॉटल हलका धरून मागच्या ब्रेकवर गाडी तोलायची, नजर जिथे जायचंय तिथे, चाकाकडे नाही. उचलायलाही शिकलो: पार्किंग ब्रेक ओढायचा, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढायचा, गाडीला पाठ लावून बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या रेलला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. कमरेने उचलायला गेलात तर कंबर जाईल.

हिने मला पडण्याबद्दल कधीच काही म्हटलं नाही. पडतात गाड्या, म्हणते. दुसऱ्या गोष्टीबद्दलही काही म्हणत नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

गेल्या रविवारी मैदानावर आली होती. बाटल्या तिनेच लावल्या, मुद्दाम जवळ जवळ. मी सहा वेळा आठ काढला, एकही बाटली पडली नाही, पाय एकदाही टेकला नाही. गाडी लावून तिच्याजवळ गेलो तर ती बाटल्या गोळा करत म्हणाली, "सपाटीला जमतं हो तुम्हाला. उतारावर?"

मी उत्तर दिलं नाही. घरी ती स्कूटरने गेली, मी मागून.